फॉन्या

काउंटरवर मिसेस गेराटी अंगठी ठेवते
आणि लगेच हातमोजा चढवते, बोट उघडं पडल्यासारखं.
बाहेर किलबर्नचा हमरस्ता. एक बस
तारणगहाणाच्या आमच्या काचेला हादरा देऊन जाते.
"काय येतील सांग. थडग्यावर दगड बसवायचाय.
अक्षरागणिक पैसे घेतात मेले,
आणि याचं नाव बार्थोलोम्यू."

कसोटीच्या काळ्या दगडावर मी रेघ ओढतो,
काचेच्या कांडीनं ॲसिडचा थेंब.
रेघ हिरवी होते, फेसाळते, नाहीशी होते.
पितळ उघडं पडलं.
याला आमच्या धंद्यात एकच शब्द, जिभेच्या टोकावर आलेला:
फोनी.
मी तो गिळतो.

लोकांना वाटतं, टेलिफोनवरून आला असेल,
चेहरा नसलेला आवाज, म्हणून खोटा.
छे. टेलिफोन पाळण्यातही नव्हता
तेव्हा हा लंडनच्या गल्ल्यांतून अनवाणी हिंडत होता.
आजी गॉलवेची. भांडी घासताना
बोटातलं वळं काढून खिडकीत ठेवायची,
मग घरभर शोधायची: माझं फॉन्या कुठं गेलं?
फॉन्या म्हणजे अंगठी.
बस्स, एवढंच.

तो शब्द भुकेल्या तोंडांतून बोटीनं इकडे आला
आणि कुणीतरी सोन्याचं पाणी दिलेलं पितळ
रस्त्यात टाकलं, सहज, रुमाल पडावा तसं.
मागून एखादा खेडवळ, खिशात मजुरी.
"अहो, दोघांनी मिळून पाहिली! अर्धी तुमची, अर्धी माझी.
मला घाई आहे. तुम्हीच ठेवा,
माझ्या वाटणीचं काय ते द्या."
तो देई. घरी जाऊन बायकोच्या बोटात घाली.
पंधरवड्यात बोट हिरवं.
चोरांनी या खेळाला अंगठीचंच नाव दिलं.
इंग्रज जिभेवर त्याचं फॉनी झालं,
मग अमेरिकेत जाऊन ते आलं
पी-एचची टोपी घालून, ग्रीक घराण्यातलं असल्यासारखं.
म्हणजे स्पेलिंगसुद्धा बेगडी.
एका भाषेत नुसती अंगठी, दुसरीत नुसतं खोटं.
मधल्या पाण्यात सोनं कुठं पडलं?

वेळ काढायला मी वडिलांच्या वह्या उघडतो.
फेब्रुवारी त्रेसष्ट. जमीन दगडासारखी गोठलेली,
खोदकामं बंद, आमचे सगळे मजूर घरी.
"गेराटी. सोन्याची अंगठी, एक. दोन पौंड."
एप्रिलात सोडवली. सदुसष्टात पुन्हा. एकूण सात वेळा.
सातही नोंदींपुढे पेन्सिलीनं एक बारीक वर्तुळ,
इतर कुठल्याच पानावर नसलेलं.
नाही, खोटं कशाला सांगू, आणखी तीन-चार नावांपुढे आहे.

"सोनं आज जरा उतरलंय," मी म्हणतो.
सकाळीच चढलं होतं.
ती हसत नाही.
"तुझा बापही हेच म्हणायचा. साती वेळा सोनं उतरलेलंच.
बार्टीला कॅमडनमध्ये एकानं विकली होती,
रस्त्यात सापडली म्हणे, अर्धी-अर्धी.
मला आठवड्यात कळलं. धुण्याच्या पाण्यात.
त्याच्या मनात पाल चुकचुकली की मी इथं घेऊन यायची.
हेगार्टीनं ठेवून घेतली म्हणजे खरी, असं धरून चालायचा तो.
व्याज भरलं मी. कधी कधी पैशांची गरजही नसायची."

मी ड्रॉवर उघडतो. अक्षरं किती?
ती हातमोज्यातल्या बोटांवर मोजते, दोनदा चुकते.
"अकरा. आडनाव राहू दे. कोण आहे दुसरा बार्थोलोम्यू तिथं?"
मी नोंद करतो: सोन्याची अंगठी, एक.
मग पेन्सिल शोधतो.
सापडते ती टोक मोडलेली.