आठ जागा

मशीन बत्तीस, लायसन आठ.
बाकीची पोरं मागे उभी राहून बघतात
कोण उठतो, कोणाचं आटोपतं.

सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून आमचं पॉलिटेक्निक.
एप्रिलात अकरालाच पत्रे कडकडायला लागतात.
आज अकरा चाळीसला लाइट गेली,
पडदे एकदम काळे,
आणि सगळ्यांचा मिळून एकच आवाज: अरे बाप्पा!
चार मिनिटांत लाइट परत आली.
जागा परत आल्या नाहीत.

"मॅडम, लायसन नाही भेटून राहिलं जी."
प्रणोती उईके. गावच्या मामा तलावाला
तुडूमाचं नवं दार काढते आहे ती,
मापं स्वतः घेतली, कमरेएवढ्या चिखलात उतरून.

सर्व्हर असतो स्टोअररूममध्ये, लोखंडी कपाटामागे.
त्याची बॅटरी वेगळी, त्याला अंधार झाल्याचं कळतच नाही.
त्याच्या लेखी आठही जण कामात आहेत
माना खाली घालून.
नीट बंद करून गेला त्याची जागा तो जमा करून घेतो.
जो मध्येच पडला, त्याने सांगितलं कुठे?
दोन तास वाट पाहीन, म्हणतो.
प्रॅक्टिकलच दोन तासांचं.

यादीत आठही ओळींत नाव एकच, "विद्यार्थी",
सगळे त्याच नावाने शिरतात म्हणून.
फरक फक्त मशीनच्या नंबरात.
मागच्या वर्षी मी चोविसाच्या जागी चौदा टाकलं
आणि अंकुश लोनबलेची छताची कैची
त्याच्या डोळ्यांदेखत गेली. दीड तासाचं काम.
बोलला काही नाही,
टेबलाची निघालेली पट्टी नखाने उचकत बसला.
तेव्हापासून मी खडू घेऊन आधी फिरून येते.

पहिल्या रांगेतली तीन जुन्या यूपीएसवर तगलेली.
त्यांना हात लावायचा नाही.
नऊ: काळं.
अकरा: खुर्चीवर नुसता दुपट्टा.
सतरा: पडदा उजळला आहे, पोरगा समोरच बसला आहे,
आणि त्याची जागा त्यानेच अडवून धरली आहे.
त्याला हे समजावताना मलाच हसू येतं.
बावीस. तीस.
पाचांवर खडूची फुली.

जागा सोडवायचा हुकूम माझ्या नावाने चालत नाही.
सर्व्हर ओळखतो देवाजी चहांदेला.
वीस वर्षं लॅब त्यानेच सांभाळली.
पासवर्ड त्याने मला फळ्यावर लिहून दाखवला होता,
तीनदा म्हणायला लावला,
आणि तळहाताने पुसला.
गेला तो, पोळा झाल्यावर आठव्या दिवशी.
त्याचं पद रजिस्टरात अजून भरलेलं आहे.
मला अकरा महिन्यांचा कागद,
मग एक दिवसाचा खंड,
मग पुन्हा अकरा महिने.
गुरनुले बाबू म्हणतात, "नाव वरूनच निघावं लागते.
इथून नाही निघत जी."
वर म्हणजे किती वर, ते त्यांनाही माहीत नसावं.

मी देवाजी होऊन आत जाते.
एकेक नंबर मोठ्याने वाचते, एकेक टाइप करते.
अकरा अठ्ठावन, देवाजी, मशीन नऊ, मोकळी.
अकरा अठ्ठावन, देवाजी, मशीन अकरा, मोकळी.
सतराला पुन्हा एकदा मागे वळून पाहते.
मोकळी.
बावीस, मोकळी. तीस, मोकळी.

तिकडून प्रणोती ओरडते, "भेटलं!"
दाराचा खालचा भाग वाचला आहे,
वरचा तिला पुन्हा काढावा लागेल.
काढते म्हणाली.

तिच्या मागे आता दुसरं कोणी येऊन उभं आहे.

स्टोअररूममध्ये उकाडा, उंदरांचा वास.
मी देवाजीला नीट लॉग आउट करते.
कितीही घाई असो,
हे तेवढं विसरत नाही.