टंच

तिसऱ्या नळीचं टोपण चितकबरं असतं.
आफरीन मुजावर ती दहा वेळा उलटी-सुलटी करते, हळू,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तशी.
शाहूपुरीतली लॅब, सकाळचे सात,
मी आणि पंखा.

"ह्यात काय बघतात?" पहिल्या महिन्यात विचारलं होतं.
"त्याचं तुमच्या रक्तात किती उतरलंय ते, काका."

हुपरीत एकतीस वर्षं मी टंच काढला.
पैंजणाच्या लडीतून नखाएवढं कात्रण,
भट्टी, तराजू, थांबणं.
बाण्णव म्हटलं की बाण्णव.
सख्ख्या मेहुण्याच्या मालातलं तांबं
त्याच्या तोंडावर सांगितलं,
दोन दिवाळ्या त्यांनी जेवायला बोलावलं नाही.

आता माझं कात्रण
रात्री नऊच्या बसनं पुण्याला जातं,
ड्रायव्हरच्या पायाशी, थर्माकोलच्या डब्यात,
आणि मी न पाहिलेलं कुणीतरी
माझ्यातली भेसळ मोजतं.

भेसळीवरच चाललोय म्हणा.

वय सव्वीस, एवढंच कळलं.
नाव नाही, गाव नाही.
त्याच्या काळजाच्या पेशी मरतात, रोजची साधी मरणं,
त्यांचा चुरा माझ्या रक्तातून वाहतो
आणि तास-दोन तासांत विरतो.
चुरा कमी, म्हणजे तो सुखात आहे.
चुरा वाढला, तर माझ्याच राखणदारांनी
त्याला चोर समजून धरलंय.

गेल्या श्रावणात वाढला होता.
मला काहीच कळलं नाही.
जिना चढलो, व्याह्यांशी भांडलो, दुपारी झोपलो.
कागदाला आधी कळलं.

दिवस मावळल्यावर पाणीही न घेणारी आमची माणसं.
आता रात्री आठला गोळी, घोटभर पाण्याबरोबर.
बस्तीतल्या उपाध्यांना विचारलं.
ते बराच वेळ माझ्या छातीकडे बघत राहिले,
म्हणाले, घ्या.
गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध बंद.
पपनस बंद.
पपनस मला कधीच आवडलं नव्हतं,
आता मात्र आठवतं.

"शून्य येतं का गं कधी?"
आफरीन कापूस दाबून धरते.
"शून्य नाही काका. मशीनला दिसणार नाही
इतकं कमी येतं."
हे मला पटलं.
शंभर टंच चांदी मीही कधी पाहिली नाही.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.
कापलेल्या नसा कुणी जोडत नाही.
दचकतो मी,
त्याला निरोप मागाहून पोचतो, रक्तातून, पायी पायी.

काल ताराराणी चौकात सिग्नलला फोन वाजला.
हात थरथरले. चष्मा काढला, पुसला.
शून्य पूर्णांक एक सहा.
बरा आकडा.
सिग्नल सुटला, मागचा रिक्षावाला ओरडला,
मी गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली,
बायकोला सांगूनही झालं,

आणि तेव्हा कुठे
तो धडधडायला लागला.