थांबलीया

"उंदरास्नी अफू पाजून पगार मिळतोय व्हय तुला?"
आई विचारायची, समडोळीच्या परड्यात,
तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजत.
धूर दोघींच्याही डोळ्यांत जायचा.
मी म्हणायचे, अफू नाही, मॉर्फिन.
आणि पाजत नाही, तो स्वतःच खटका दाबतो.
"मग त्यात तुझं काय काम?"

तीस वर्षं हाच प्रश्न
अनुदानाच्या अर्जांत मी
वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आले.

काम होतं मोजायचं.
बारा नंबरचा उंदीर, कानाला खाच असलेला,
एका रात्रीत आठशे चाळीस वेळा खटका दाबला त्यानं.
शेजारी दाण्यांची वाटी, भरलेली, तशीच.
सकाळी त्याच्या मेंदूचे काप केले,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
काचेवर पसरले, आणि भिंगाखाली दिसली
ती कणाएवढी जागा
जिथं 'हवंय' राहतं.
'आवडतंय'चं बिऱ्हाड वेगळं, शेजारचं.
ते कधीच घर सोडून गेलेलं असतं
आणि 'हवंय' दार वाजवत उभं.

एक रेणू सापडला होता आम्हांला.
चार वर्षं लागली. उंदरांनी खटका सोडला,
मिरजेच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले.
माणसांना दिला, तर मळमळीपलीकडं काही नाही.
ते कागद अजून आहेत खालच्या खणात,
पुराचं पाणी प्यालेले,
कडा हळदीच्या रंगाच्या.

मग उंदीर कमी झाले. मंगळवारी
वॉर्डात बसू लागले.
भूपाल मगदूम यायचा, तासगावहून
द्राक्षांचा टेम्पो चालवणारा,
गोळ्यांवर जागायचा, दारूवर झोपायचा.
सातदा सोडली, सातदा धरली.
एकदा फळ्यावर त्याला त्याचाच मेंदू काढून दाखवला.
बराच वेळ बघत बसला. म्हणाला,
"म्हंजे इंजिन झकास हाय. ब्रेक गेल्यात."
हे वाक्य मी परदेशातल्या एका परिषदेत वापरलं.
टाळ्या पडल्या.
त्याला सांगायचं राहून गेलं.

आठव्या खेपेला दोन वर्षं भरली
तेव्हा रजिस्टरात 'सुटली' लिहायला घेतलं.
त्यानं पेनावर हात ठेवला.
"सुटली लिवू नगासा, मॅडम.
थांबलीया लिवा."

आई माघात गेली.
माझी शपथ घेऊन मशेरी सोडल्याला तिला
अकरा वर्षं झाली होती. कोनाड्यात,
देवाच्या पुस्तकांमागं, पावडरीचा डबा सापडला.
झाकण उघडलं.

मी मशेरी कधी लावली नाही.
दाताला नाही, बोटाला नाही.
तरी वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं,
उलथन्याची खरखर, म्हशीचं उसासणं,
ओल्या केसांना पाठीवरून ओढणारा तिचा हात,
आणि त्या कणाएवढ्या जागेत कुणीतरी
दाबत सुटलं, दाबत सुटलं.
संकेत, म्हणतो आम्ही याला.
नशा नव्हे, नशेच्या दारातली खूण.
पडद्यावर मी तो लाल बाणानं दाखवते.
त्या दिवशी बाण नव्हता.
मी कोनाड्याला धरून उभी होते.

भावजय म्हणाली, टाका की तो उकिरड्यावर.
हो म्हटलं,
आणि पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी भूपाल आला, समोर बसला.
तारीख घातली, रक्तदाब लिहिला.
त्यानं नाक वर केलं, पर्सकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"मशेरी?"
"आईची."
काही बोलला नाही. खुर्ची जरा मागं सरकवली.
थोड्या वेळानं, अगदी हलकं,
मी त्याच्याशी बोलते तशा आवाजात, म्हणाला,
"खिडकी उघडू का?"

राहू दे, म्हटलं.
थोडाच वेळ.