पाचवीच्या खाली

दिवसाला वीस-बावीस जबडे बघते मी.
सोहारच्या क्लिनिकात, काचेमागून:
हनुवटी इथे टेकव, ही काडी चाव, हलू नकोस.
यंत्र डोक्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालतं
आणि पडद्यावर अख्खं तोंड उलगडतं
चटई पसरावी तसं.

लहान मुलांचे जबडे मला आवडतात.
दुमजली असतात.
वर दुधाचे, आखूड मुळांचे,
खाली हाडात मोठे, आडवेतिडवे झोपलेले,
लग्नघरात एकाच गादीवर निजलेली पोरं जशी,
कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी.
येतील, म्हणते मी आयांना. वेळ झाली की येतील.
बलुची आया, मल्याळी आया, इथल्या बातिनाच्या आया.
हे एक वाक्य मला चार भाषांत येतं.

शाल्मलीचा फोटोही मीच काढला,
गुरुवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर.
बारा पूर्ण झाली तरी
खालच्या दोन दुधाच्या दाढा हलायचं नाव घेईनात.
"हलू नको म्हणालीस ते मला, की त्यांना?"

मधल्या रेघेपासून मोजली तर ती पाचवी.
काही-काही पाचवीलाच पुजलेलं असतं.
उजवीकडच्या पाचवीखाली पाहिलं.
डावीकडे पाहिलं.
पडद्याचा उजेड वाढवला, कमी केला.
हाड होतं. छान, घट्ट, राखाडी हाड.
आत कुणी निजलेलं नव्हतं.

डॉक्टर इल्हाम खार्टूमच्या. चहा खाली ठेवून म्हणाल्या,
काढायच्या नाहीत. सांभाळायच्या.
तिशीपर्यंत टिकतात, चाळिशीतल्याही पाहिल्यात मी.
आणि मग?
मग बघू.
दोन वर्षांच्या करारावर आलो होतो आम्ही,
त्याला आता सोळा वर्षं झाली.
'मग बघू' मला नीट कळतं.

श्रीरंग बंदरावरून आला, कपाळावर हेल्मेटचा वळ.
सांगितलं.
काही न बोलता दिव्याखाली उभा राहिला
आणि बोटाने गाल बाजूला केला.
हे बघ.
शेजारणींपेक्षा बुटकी, झिजून पाटीसारखी सपाट,
चव्वेचाळीस वर्षांची दुधाची दाढ.
देवरुखच्या आत्याला पण होती म्हणे, दोन्हीकडे.
त्याचा घास कायम उजवीकडे जातो, हे मला माहीत होतं.
का, ते कधी विचारलं नव्हतं.
रोजचे वीस-बावीस, आणि घरातला एक राहून गेला.
"पगारवाढ मागायला गेलो तेव्हा सुपरवायझर म्हणालेला,
अजून दुधाचे दात पडले नाहीत तुझे.
म्हटलं, ह्याला कुणी सांगितलं?"
खूप दिवसांनी हसलो आम्ही, स्वयंपाकघरात, उभ्या-उभ्या.

शाल्मली मात्र हिशेबाला बसली.
पहिला दात पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती.
मी म्हणाले होते, उंदराला दे.
शेजारची मैथा म्हणाली, उंदीर कुठे आहेत इथे?
आणि तिला गच्चीवर घेऊन गेली.
सूर्याकडे फेकायचा:
गाढवाचा दात घे, हरणाचा दे.
असे अठरा फेकले दोघींनी, एकेक करून,
खालच्या पाण्याच्या टँकरवर टिंग वाजायचं कधीकधी.
वीसातून अठरा गेले.
"म्हणजे हे दोन गाढवाचेच राहणार?"

मी काय सांगणार.
मी म्हटलं, दोन वर्षांची होतीस तू, ह्या नुकत्या आल्या होत्या,
मुंबईहून येताना विमानभर सीटचा पट्टा चावत होतीस ह्यांनीच.
ती गप्प झाली.
जिभेने चाचपून पाहिलं, आधी डावी, मग उजवी.
"मग ह्याच सगळ्यात जुन्या ना माझ्याकडे?
बाकीचे सगळे नंतर आलेत."

हल्ली येतील म्हणायच्या आधी मी मोजते.
आणि रात्री बेसिनपाशी ती ब्रश करून झाल्यावर
त्या दोघींसाठी पाण्याचा एक घोट वेगळा घेते,
आधी डाव्या गालात, मग उजव्या,
बाल्कनीतल्या कुंड्यांना घालावा तसा.