मिठाच्या कोठारात विभक्ती

शिरोड्याच्या आगरांपलीकडे पास्कू लोबोचं
मिठाचं कोठार रिकामं पडलं होतं, म्हणून शाळा तिथे.
नाहीतर रुजार मास्तरांकडे होतंच काय?
बेळगावात पाद्री होता होता राहिलेला माणूस,
एक पत्र्याची ट्रंक, तीत कसर लागलेलं लॅटिन व्याकरण,
खिळ्याला एक क्रूस,
आणि आम्ही अकरा जण.
मास्तरांची बहीण एस्पेरांस हजेरी मांडायची
आणि फीऐवजी आलेले सोडे मोजायची.

भिंती पावसाळाभर खारट घाम गाळत.
फळ्यावर खडू उमटत नसे.
म्हणून प्रार्थनेनंतर सगळं तोंडी:
मारे, मारिस, मारी.
मारे म्हणजे समुद्र.
मागच्या गोणपाटावरून रवळू तांडेल:
"कोण कोणाक मारता, मास्तरनू?"
"ता मागीर बघूया. आधी रूपां पाठ कर."

माझ्या बापाने विचारलं होतं,
"ह्या शिकान बांगडे गावतले काय?"
"नाय. पण गावले, तर मोजताना
तुका कोण फसवचो नाय."
बाप गप्प. दुसऱ्या दिवशी बाक आणून दिला,
फुटक्या होडीच्या फळीचा. बसलं की चड्डीला डांबर.

रापण लागली की वर्ग ओस.
एकदा मास्तरच आले वाळूत, पँट दुमडून,
दोरीला लागले:
मारे, हां! मारिस, हां!
पाट्या टेकवून बाया बघत राहिल्या.
तर्कशास्त्रही तिथेच, दम खात:
"मासे पाण्यात राहतात. देवमासा पाण्यात राहतो. तर मग?"
"तर मग काय नाय," रवळू म्हणाला,
"मी पण सकाळपासून पाण्यातच आसंय."
त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

शाळा वाढली, म्हणजे एकदम नाही.
आधी एक पडवी. मग मोडीत निघालेल्या मचव्याची घंटा.
मुली तीन वर्षं आल्याच नाहीत;
नाताळनंतर आल्या त्या सात,
कारण एस्पेरांसबाय दारोदार जाऊन भांडली.
"वक्तृत्व म्हणतत ता ह्याच," मास्तर म्हणाले.
वरून पत्र आलं, लॅटिन सोडा, टायपिंग घ्या.
टायपिंग घेतलं.

आता चिऱ्याची दुमजली इमारत, चारशे बारा मुलं,
आणि मी, मास्तरांच्या खुर्चीत अजून नीट न बसलेला.
जुनी भिंत ठेवली आहे. दर मे महिन्यात रंग,
ऑगस्टात पुन्हा मीठ.

आज रवळूची नात उभी राहिली:
"सर, चतुर्थी मारी, पंचमी पण मारी?
समुद्राला आणि समुद्रापासून, एकच?"
तिच्या आजोबाने हेच विचारलं होतं.
मास्तर म्हणाले होते, वाक्य पुरां कर, मगे कळात.
मीही तेच म्हणालो.

ती वहीत बघत नव्हती.
खिडकीबाहेर, लांब, एक होडी.
इतक्या लांबून कळत नव्हतं,
जाते आहे की येते आहे.