बांगडीचं माप

सात रस्त्याच्या दवाखान्यात नंबर बावीस.
पंखा फिरतोय, हवा जागची हलत नाही;
बाहेर एप्रिल, चव्वेचाळीस.
मांडीवर एक फॉर्म,
आणि पेन नीट धरता येत नाही
म्हणून तर मी इथे आलेय.

वय. सत्तेचाळीस.
स्त्री की पुरुष.
वजन: लिहिते, दोन किलो खाली ठेवून.
गुडघ्याला जुना मार?
हो. नववीत, साखर पेठेच्या उतारावर, भावाची सायकल.
बिडी-सिगारेट ओढता का?
नाही.
ओढत नाही, पण तिच्या धुळीत वाढले.
ह्याला रकाना नाही.

आईला, बहिणीला संधिवात होता का?

इथे पेन थांबतं.
अम्मा दवाखान्यात कधी गेलीच नाही.
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं,
पत्र्याचा फर्मा, कात्री, दिवसाला हजार बिड्या;
छाट गेल्या त्या फुकट.
सकाळी पहिल्या चहाआधी
दोन्ही हात ऊन पाण्याच्या तपेल्यात बुडवून बसायची,
जणू काही भिजत घातलंय.
आम्ही म्हणायचो, बिडीनं केलं.
तीही तेच म्हणायची.
"तू शिक गं. बोटं वाचव."

वाचवली.
बँकेत लागले, तंबाखूला शिवले नाही.
आणि दिवाळीपासून माझ्याही मुठी
सकाळी तासभर मिटत नाहीत.

डॉक्टर कोवळे आहेत, माझ्या भाच्याएवढे.
एकेक पेर दाबून बघतात.
कामानं सांधे झिजतात, म्हणाले, खरंय ते,
पण हा प्रकार वेगळा वाटतो.
बायकांना जास्त. घराण्यातही उतरतो कधी कधी.
उतरेलच असं नाही हं, शक्यता म्हणायची.
आणि हा रकाना रिकामा का?

मग मला गड्ड्याची जत्रा आठवली.
दर संक्रांतीला अम्मा तिथे बांगड्या भरायची.
आधी दोन-चार.
मी पाचवीत, तेव्हा दोन-सहा.
माझ्या लग्नात दोन-दहा, तेही साबण लावून;
आणि मनगट असं काडीसारखं
की चढलेल्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळायच्या.
महबूब मणेर म्हणाला, अम्मा, तुझा हात अजून वाढतोय की!
आम्ही सगळे हसलो.
तीही हसली, हात पदराखाली घेऊन.
एकुलती एक पाटली शेवटी
सोनारानं कापून काढली.

लिहिलं: होता. कागद नाही.

रिक्षाची वाट बघत पुण्याला फोन लावला.
श्रावणी, तुझ्या बांगडीचं माप काय गं?
"आई, मी बांगड्या कुठे घालते?
काय झालं?"

काही नाही, म्हटलं.
सकाळी उठल्यावर
मूठ मिटते ना नीट?