अकरा त्रिकोण

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात.
मी चाळीस हजार ठिकाणी दुभंगलं,
त्रिकोण त्रिकोण करून,
धक्क्याशी बारीक, खुल्या समुद्राकडे ऐसपैस,
आणि एकेकाला विचारलं : तुझी खोली किती,
शेजाऱ्याला किती देतोस, त्याच्याकडून किती घेतोस.
रात्रभर मशीनचा पंखा घरघरला.
सकाळी पडद्यावर बंदर हललं.
निळं, हिरवट, आणि जिथं विष, तिथं तांबडं.
छत्तीस तासांत तांबडं ओहोटीबरोबर बाहेर गेलं.

बाहेर जातं, असं मी सभेत सांगितलं,
चिलेच्या त्या दक्षिण टोकाला, कोळ्यांच्या संघाच्या खोलीत,
जिथं एका खिडकीला काच नाही
आणि वारा आधी कागद वाचतो, मग माणसं.
शिंपल्यांत कथिल सापडलं होतं.
गोगलगाईंच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलं होतं
(हे सांगताना मागच्या बाकावर कुणीतरी हसलं,
मग हसू थांबलं).
सगळ्यांची बोटं मासळीच्या पिठाच्या कारखान्याकडे,
त्याच्या मोठ्या बोटींकडे, बोटींच्या रंगाकडे.
माझंही बोट तिकडेच.
इतका वास येणारा निर्दोष असेल कसा?

"बाहेर जातं होय?" दोन्या त्रान्सितो म्हणाली,
आणि बाजाराच्या पिशवीतून संत्री काढली.
वीस. नातीच्या नेलपॉलिशनं प्रत्येकावर आकडा.
भरती ठेपल्यावर आम्ही ती धक्क्यावरून सोडली.

दुसऱ्या दिवशी सतरा संत्री
बर्फाच्या कारखान्यामागच्या कोपऱ्यात
एकमेकांना ढुशा देत उभी.
एक समुद्रसिंहानं फोडलं. दोघांचा पत्ता नाही.

"तिथं बार्ज बुडालीय," ओनोफ्रे म्हणाला,
पाणबुड्या, डाव्या कानानं बहिरा,
म्हणून सगळ्यांशी जरा वळून बोलणारा.
"साल विचारू नकोस. माझं लग्न व्हायचं होतं."
नौदलाच्या नकाशात नऊ मीटर.
त्यानं सांडलेल्या चहात बोट बुडवून
टेबलावर तिचं कूस काढलं, नाळ काढली :
"माझ्या दोरीनं साडेतीन."

मी अकरा त्रिकोणांचा तळ उचलला.
तेवढंच.
आणि कोपऱ्यात भोवरा फिरू लागला, आळसात,
जणू नेहमीच होता, मीच उशिरा आले.
सतरातली पंधरा संत्री जुळली.
मी एकटीच खुर्चीत टाळ्या वाजवल्या.

मग काळाला वजा चिन्ह दिलं.
उलटं चालवलं की कण घरी जातात,
तिन्हीसांजेला मेंढरं वळावीत तसे.
ते भोवऱ्यातून सुटले, बार्जला वळसा घातला,
कारखान्याच्या धक्क्यावरून गेले,
थांबले नाहीत,
आणि उताराच्या त्या फरशीपाशी गोळा झाले
जिथं ओनोफ्रे एकतीस वर्षं
लोकांच्या होड्या खरवडतो, रंगवतो,
जुना लाल भुगा झाडूनं पाण्यात लोटतो.

मी वारा बदलला. तळाचा खरखरीतपणा बदलला.
तीच फरशी.
पाण्याला लाच चालत असती
तर त्या रात्री मी दिली असती.

तो शुक्रवारी आला. चित्र बघायचंय म्हणाला.
मी आधी सरळ दाखवलं. मग उलटं.
चांगला कान पडद्याकडे करून तो बघत राहिला,
जणू ते ऐकायचं होतं.

"त्या बार्जचं मी बोललो नसतो तर?"
"तर बाहेर गेलं असतं."
"पडद्यावर."
"पडद्यावर."

रंग स्वस्त मिळायचा, तो म्हणाला,
एका खलाशाकडून, डब्यावर अक्षर नसायचं.
मग बराच वेळ काही नाही.
जाताना त्यानं खिशातून
सात नंबरचं संत्रं काढून टेबलावर ठेवलं.

माझं टेबल जरा उतरतं आहे.
दार लागलं,
आणि संत्रं, मुळीच घाई न करता,
माझ्याकडे आलं.